कात्रजचा घाट, अंतराळातला: घरी केलेला एक खेळ छापून हातात येईपर्यंत

संक्रांतीच्या दिवशी, १४ जानेवारी २०२५ ला, वड्या थापताना फोन वाजला. मेल होती. खेळाच्या नियमपुस्तिकेच्या कॉपीराइटची नोंदणी झाली. हात तुपाचे असल्यामुळे मुलानेच वाचून दाखवली आणि म्हणाला, "आई, झालं एकदाचं." एकदाचं म्हणजे सव्वा वर्षानंतर.

मी चाकणला एका कंपनीत गाड्यांच्या सुट्या भागांची ड्रॉइंगं काढते. राहायला धनकवडीला. खेळ तयार करण्याचा माझा संबंध शून्य. घरात पत्ते खेळतो, चॅलेंज आणि बदाम सात, तेवढाच. त्यामुळे "टेबलावर खेळायचा खेळ स्वतः छापून घ्यायचा तर पुण्यात नेमकं करायचं काय" हे शोधताना मी फार भटकले. ते इथे लिहून ठेवते.

सुरुवात २०२३ च्या गणपतीत झाली. मुलगा तेव्हा आठवीत. कॉम्प्युटरवर अंतराळयानांचा कुठलासा खेळ खेळत होता. त्यात एक बटण दाबलं की यान गायब. दहा सेकंदांनी पुन्हा प्रकट. मी म्हटलं, भारी आहे की. तर म्हणाला, "बोअर आहे. दिसतच नाही तर समोरचा काय करणार? नुसता बसून राहतो."

त्याच आठवड्यात साताऱ्याहून येताना बोगद्यात गाडी अडकली होती आणि माझा भाऊ त्याला कात्रजच्या घाटाची गोष्ट सांगत होता. १६६३ च्या एप्रिलात महाराजांनी लाल महालात शाहिस्तेखानाची बोटं तोडली, आणि मागे लागलेल्या फौजेला चकवायला बैलांच्या शिंगांना मशाली बांधून ते कात्रजच्या घाटाकडे हाकलले, अशी आख्यायिका आहे. फौज मशालींच्या मागे गेली, महाराज सिंहगडाकडे. तिथूनच आपण "त्याला चांगला कात्रजचा घाट दाखवला" म्हणतो. मुलगा म्हणाला, "म्हणजे लपले नाहीत. उलट दिसले."

ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं.

ऑक्टोबर ते डिसेंबर २०२३ मध्ये पहिला नमुना झाला. घरातल्या जुन्या लग्नपत्रिका कापून कार्डं केली. खर्च शून्य, फक्त एका बाजूला कुणाचे तरी "सस्नेह निमंत्रण" दिसायचं. (नमुन्याला पत्रिका उत्तम. जाड असतात, फेटता येतात, आणि फाडताना जीव तुटत नाही.) खेळ साधा होता. एक खेळाडू गस्तीचा, बाकीचे निसटणारे. प्रत्येक निसटणाऱ्याचे नकाशावर तीन ठिपके, त्यातलं खरं यान एक, दोन बनावट. कुठलं खरं ते पालथ्या कार्डावर. गस्तवाला दर डावात दोन प्रश्न विचारणार: किती गरम? कोण तू? किती जड?

पहिल्या नमुन्यात उत्तर खोटं द्यायला परवानगी होती. तिथे माझ्या सासूबाईंनी खेळाचं दुकान बंद केलं. पंचाहत्तरी ओलांडलेली बाई, चष्म्याच्या वरून शांतपणे बघत "नाही हो, माझं तर अगदी गार आहे" म्हणायची आणि आम्ही सगळे गार. कुणाकडे कुठलं उपकरण आहे याला काही अर्थच उरेना. मग मी नियम उलटा केला: माणूस खरं बोलेल, यान खोटं बोलेल. गस्तीच्या यंत्राला जे दिसेल तेच तुम्ही प्रामाणिकपणे सांगायचं. खोटेपणा सगळा उपकरणातून यायला हवा, आणि त्याची किंमत आधी मोजलेली हवी. सासूबाई दोन दिवस रुसल्या. पण खेळ त्या दिवशी खरा सुरू झाला.

मग उपकरणं. माझ्या नवऱ्याचे एक मित्र ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतात. जानेवारीत त्यांना जेवायला बोलावून मी यादी दाखवली. त्यांनी आमटी संपायच्या आत अर्धी यादी मोडीत काढली. म्हणाले, "वहिनी, अंतराळात लपता येत नाही. मागचा पडदा २.७ केल्विनचा, म्हणजे उणे २७० सेल्सिअस. तुमच्या यानात माणसं आहेत, म्हणजे कवच समजा २७ अंशांवर. काळ्या कवचाचा प्रत्येक चौरस मीटर साधारण ४६० वॅट बाहेर फेकत असतो. अंधाऱ्या माळावर शेगडी पेटवून बसल्यासारखं आहे."

मी म्हटलं, मग उष्णता आतच साठवून ठेवली तर? बर्फात? त्यांनी पेपर नॅपकिनवर हिशेब केला. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल लागतात. एक टन बर्फ, यानातली माणसं आणि यंत्रं मिळून १०० किलोवॅट. भागाकार आला तीन हजार तीनशे चाळीस सेकंद. तासभरसुद्धा नाही.

मला तर ते सोन्यासारखं वाटलं. जेमतेम तासभर लपता येतं, पण त्यानंतर साठवलेलं सगळं बाहेर ओकावंच लागतं, आणि तेव्हा तुम्ही नेहमीपेक्षा जास्त चमकता! त्यातून "माठ" हे कार्ड आलं. तीन डाव तुम्ही गार, चौथ्या डावात तुमच्यावर पाच लाल टिकल्या. खेळताना लोक तिसऱ्या डावापर्यंत खुशीत असतात आणि मग तोंड बघण्यासारखं होतं.

"कात्रज" कार्ड सगळ्यात जास्त वेळा बदललं. मूळ कल्पना: छोटी स्वस्त याने, त्यांना तापवलेल्या पट्ट्या, ती दुसऱ्या दिशेला सोडायची. पहिल्या पाच खेळांतच गस्तवाले शिकले, की सगळ्यात गरम ठिपका म्हणजे बैल. पुन्हा नॅपकिन. यानाच्या झोताचा उजेड मोजला की इंजिनाचा जोर कळतो. यान किती झपाट्याने वेग घेतंय ते दुर्बिणीतून दिसतं. जोराला त्याने भागलं की वजन हातात. म्हणजे हलक्या बैलाला मोठ्या यानाएवढी मशाल लावली तर तो सुसाट पळतो आणि तिथेच पकडला जातो. हळू पळवायला मशाल लहान करावी, तर ती मोठ्या यानाची वाटत नाही. शेवटी असं ठरलं, की कात्रज कार्ड "किती गरम?" या प्रश्नाला पुरतं, "किती जड?" ला पुरत नाही. आणि "किती जड?" विचारायला गस्तीला दोन्ही प्रश्न खर्चावे लागतात. दोन्ही बाजूंना पोटात गोळा येतो. तसाच तर हवा होता.

"फुगा" याच्या उलट. चंदेरी प्लॅस्टिकचा, यानाच्या आकाराचा फुगवलेला फुगा. १९४४ मध्ये अमेरिकन सैन्याच्या एका तुकडीने युरोपात रबरी फुगवलेले रणगाडे उभे करून जर्मनांना चकवलं होतं. क्षेपणास्त्रांबरोबर फुगे सोडायची युक्तीही याच जातीची. हवा नसल्यामुळे फुगा आणि लोखंड एकाच वेगाने तरंगत जातात, त्यामुळे इंजिन बंद असेपर्यंत फुगा ओळखू येत नाही. इंजिन लावलं की संपलं.

"बहुरूपी" म्हणजे स्वतःची ओळख बदलून सांगणारा रेडिओ. समुद्रातली जहाजं आपला नऊ अंकी ओळख क्रमांक सतत रेडिओवरून सांगत असतात, आणि खोटा क्रमांक सांगणारी जहाजंही सापडतात, हे मी बातम्यांत वाचलं होतं. आमच्या खेळात गंमत अशी, की तुम्ही ज्या यानाचा क्रमांक चोरला ते स्वतःच नकाशावर असेल तर दोघंही अडचणीत. एकदा माझ्या मुलाने नेमका सासूबाईंचा क्रमांक चोरला. "मेल्या, माझंच नाव मिळालं का तुला?" असं म्हणून त्यांनी त्याला संपूर्ण खेळभर सोडलं नाही.

"चमकी" थोडक्यात सांगते: १९४३ च्या जुलैत हॅम्बुर्गवर हल्ला करताना ब्रिटिश विमानांनी ॲल्युमिनियमच्या पट्ट्या उधळून रडार आंधळं केलं होतं, तेच. पण जमिनीवर पट्ट्या खाली पडतात. अंतराळात त्या तुमच्याच वेगाने तुमच्यासोबत चालत राहतात. तुम्ही वळलात की ढग सरळ जातो आणि तुम्ही उघडे. "पट्टे" हे कार्ड मात्र काढून टाकलं. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, नॉर्मन विल्किन्सन या ब्रिटिश चित्रकाराने जहाजं झेब्र्यासारखी रंगवायची कल्पना मांडली. जहाज लपत नाही, पण ते कुठल्या दिशेला आणि किती वेगाने चाललंय याचा अंदाज पाणबुडीवाल्याला लागत नाही. अंतराळात इतक्या लांबून रंग दिसणारच नाहीत म्हणून मी ते कार्ड बाजूला ठेवलं. ते पुढे भलत्याच जागी कामाला आलं.

२८ फेब्रुवारी २०२४, राष्ट्रीय विज्ञान दिन. रजा टाकून मुलाला घेऊन खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला गेले. नारायणगावजवळ, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना. तुफान गर्दी, शाळांच्या बसेस, उन्हाचा कहर. फोन बंद ठेवा असं सांगत होते, कारण तुमच्या खिशातला फोन त्या दुर्बिणीच्या कानाशी ओरडल्यासारखा. मुलाने विचारलं, "म्हणजे आपण काही बोललो नाही तरी फोन बोलतो?" परतीच्या बसमध्ये तिकिटाच्या मागे "मौन" हे कार्ड लिहिलं: सगळे रेडिओ बंद, "कोण तू?" ला उत्तर नाही. पण मग तुमच्या सोबत्याशीही तुम्हाला बोलता येत नाही, आणि टेबलावर तुम्ही खरंच तोंड मिटून बसायचं. मुलांना हे कार्ड फार कठीण जातं.

एप्रिल-मे सुट्टीचे महिने. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सतरंजी टाकून आम्ही एकतीस वेळा खेळलो. प्रत्येक खेळाची नोंद एका शंभर पानी वहीत: कोण जिंकलं, किती मिनिटं, कुठे वाद झाला. वादाचा रकाना सगळ्यात उपयोगी. एकदा ज्यावरून भांडण झालं तो नियम मी दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहायचे. आणि एक: नियम समजावून सांगायला स्वतः बसू नका. कागद द्या, लांब उभ्या राहा, आणि ओठ दाबून बघा. माझी पुस्तिका वाचून पहिल्या चार मुलांनी वेगळाच खेळ खेळला होता.

या सुट्टीत सगळ्यात आवडतं झालेलं कार्ड तुम्ही ओळखलं असेल. आग्र्याहून सुटका, १६६६. हिरोजी फर्जंद महाराजांच्या पलंगावर पांघरूण घेऊन झोपले, हात तेवढा बाहेर, त्यावर अंगठी, ही गोष्ट आपल्याला चौथीपासून पाठ. खेळात तुम्ही बंदरावरून निघून गेलेलं असता पण तुमचा ठिपका तिथेच राहतो आणि प्रश्नांना उत्तरं देत राहतो: गरम आहे, ओळख बरोबर आहे. जवळ जाऊन बघेपर्यंत कळत नाही. मी कार्डाचं नाव "हिरोजी" ठेवलं होतं. सासूबाईंनी पत्ता खाली ठेवला. म्हणाल्या, "तुझ्या खेळातले लोक करतात काय?" मी म्हटलं, तस्करी. "मग त्यांचं नाव तिथे घालायचं नाही." बरोबर होतं. नाव "पांघरूण" केलं. तस्करही काढले आणि निरोप घेऊन निसटणारे जासूद केले. त्याने खेळ सुधारलाच, कारण आता पकडले जाण्याचं वाईट वाटायला लागलं.

जूनमध्ये कागदपत्रं. मला वाटत होतं की "माठ" आणि "पांघरूण" या कल्पनांचं पेटंट घ्यायला हवं, नाहीतर कुणीतरी उचलेल. शिवाजीनगर कोर्टाजवळच्या एका वकिलांकडे गेले. सल्ल्याचे दीड हजार. त्यांनी पेटंट कायदा, १९७० मधलं तिसरं कलम काढून माझ्यासमोर ठेवलं. त्यातल्या "एम" उपकलमात स्वच्छ लिहिलंय, की खेळ खेळण्याची पद्धत हा शोध मानला जात नाही. दहा मिनिटांत विषय संपला. मग म्हणाले, कॉपीराइट घ्या, पण तोही कल्पनेवर मिळत नाही, तुम्ही ती ज्या शब्दांत आणि चित्रांत मांडली त्यावर मिळतो. आणि खरं तर लिहिल्या क्षणापासून तो तुमचाच आहे, नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी असली तर उद्या भांडण झाल्यावर दाखवायला कागद असतो.

घरी येताना रिक्षात थोडं रडू आलं. एवढी माझी युक्ती, आणि ती कुणीही घ्यावी. आता त्याचं हसू येतं. मशालीची युक्ती तरी माझी कुठे होती?

१० जून २०२४ ला ऑनलाइन अर्ज भरला. फॉर्म १४. नियमपुस्तिका "साहित्यकृती" या प्रकारात, फी ५०० रुपये. खोक्यावरचं चित्रही नोंदवायचा विचार होता, पण जे चित्र विकायच्या वस्तूवर वापरता येईल त्याची फी २००० आणि वर ट्रेडमार्क कार्यालयाचा शोध-दाखला लागतो. ते सोडून दिलं. पैसे भरल्यावर डायरी नंबर मिळतो. तो जपून ठेवा, पुढे सगळी चौकशी त्यावरच. त्यानंतर तीस दिवस काहीच होत नाही. कुणाला हरकत घ्यायची असेल तर घेता यावी म्हणून ते दिवस ठेवलेले असतात. मी रोज सकाळी दूध तापायला ठेवून स्टेटस बघायचे. रोज तेच.

२१ ऑगस्टला त्रुटीचं पत्र आलं. छातीत धस्स झालं. चुका दोन, दोन्ही माझ्याच. पहिली: रोमन लिपीत नाव लिहिताना अर्जात "कात्रजचा" मधल्या "ज" नंतर एक "अ" जास्त टाकला होता, पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर तो नव्हता. दुसरी: पुस्तिकेतली चित्रं माझ्या मैत्रिणीच्या मुलीने काढली होती आणि तिची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, जोडली नव्हती. उत्तर द्यायला तीस दिवस. एनओसी साध्या कागदावर घेतली, तिची सही, तारीख, कोणती चित्रं ते एकेक करून. ती चालली. २ सप्टेंबरला उत्तर पाठवलं. त्यावर आलेलं उत्तर म्हणजे वर सांगितलेली संक्रांतीची मेल. एनओसी पहिल्या दिवशी जोडली असती तर वाट बघण्यातला थोडा काळ तरी वाचला असता. आणि हो, मुलीला मी चित्रांचे पैसे दिले होते. ओळखीतली आहे म्हणून फुकट काढून घेऊ नका.

छपाईची चौकशी जुलैपासून चालूच होती. सदाशिव पेठ, नारायण पेठ, पर्वतीच्या पायथ्याशी, असे सात प्रेस फिरले. ऑफसेटवाले म्हणायचे हजार सेट तरी करा. मला हवे होते शंभर. त्यामुळे डिजिटल. एका सेटमध्ये ७२ कार्डं, १२ बाय १८ च्या एका शीटवर १८ बसतात, म्हणजे सेटला चार शीट. हे गणित आधी करा आणि कार्डांची संख्या त्यावरून ठरवा. माझी आधी ७५ होती. तीन कार्डांसाठी पाचवं शीट लागलं असतं. "पट्टे" त्याच वेळी गेलं, खरं कारण हेही होतंच.

एक प्रेस नक्की केला तर गणपती आले. गणपतीच्या आधी पुण्यात प्रेसवाल्याच्या दारात जाऊ नये. पावतीपुस्तकं, अहवाल, जाहिराती. "ताई, अनंत चतुर्दशीनंतर या." त्यानंतर पितृपक्ष, तो बरा असतो, गर्दी कमी. प्रूफ तेव्हा मिळालं. ३५० जीएसएम (कागदाचं वजन, त्यावरून जाडी कळते) आर्ट कार्ड, दोन्ही बाजूंना मॅट लॅमिनेशन. रंग स्क्रीनवर बघून खूश होऊ नका, फाइल सीएमवायकेमध्येच (छपाईच्या चार शायांच्या रंगांत) करा, आणि चारी बाजूंना तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारा जादा रंग, सोडा. ड्रॉइंगवाली असल्यामुळे एवढं मला जमलं.

शंभर सेटचा खर्च असा झाला: छपाई ४२० शीट (वीस वाया जाणार धरून) ३८ रुपयांनी १५,९६०. लॅमिनेशन ५,८८०. पंचिंगची डाय (कार्डं कापायचा साचा) २,२००, पंचिंग १,६८०. खोकी ८,५००. पुस्तिका २,२००. घडीचा नकाशा ६,०००. लाल-पांढऱ्या टिकल्या बोहरी आळीतून घाऊक, ३,०००. एकूण ४५,४२०. दिवाळीआधी, २३ ऑक्टोबरला, माल घरी आला. हॉलभर खोकी आणि ताज्या छपाईचा वास.

त्या रात्री पहिला छापील सेट उघडून आम्ही खेळायला बसलो. मुलगा गस्तीवर. पहिल्याच प्रश्नाला त्याने माझं खरं यान पकडलं. नशीब म्हटलं. दुसऱ्यांदाही. मग वडिलांचं. मग आजीचं. सहाव्यांदा बरोबर सांगितल्यावर मी विचारलं, "अरे, ओळखतोस कसं?" त्याने दोन पालथी कार्डं उचलून ट्यूबलाइटखाली शेजारी धरली. माझी कार्डांची पाठ गडद निळी होती, कडेने दोन मिलिमीटरची पांढरी चौकट. एका कार्डाचा निळा शाईसारखा, दुसऱ्याचा जांभळाकडे झुकलेला. आणि चौकट एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला जवळजवळ गायब. यानांची सगळी कार्डं चौथ्या शीटवर होती, आणि चौथं शीट बाकी तिन्हींनंतर चार दिवसांनी, नव्या कागदावर छापलं होतं.

वर्षभर मी खोटं कसं लपवायचं यावर डोकं खपवलं, आणि माझा खेळ पाठीवरूनच खरं सांगत होता. शंभरच्या शंभर सेट. मी न बोलता कार्डं डब्यात भरली. रात्री झोप नाही.

प्रेसवाले भांडले नाहीत. म्हणाले, गडद सपाट रंग मशिनवर रोज थोडा वेगळा येतोच, तुम्ही एकाच दिवशी, एकाच कागदावर करा असं सांगायला हवं होतं. मी म्हटलं, तुम्हीही विचारायला हवं होतं. मग ठरलं: पुन्हा छापायचे, छपाई त्यांची, कागद, लॅमिनेशन आणि पंचिंग माझं. आणखी ११,३४० रुपये. पण आता मध्ये विधानसभा! २० नोव्हेंबरला मतदान, तोपर्यंत प्रत्येक प्रेसवर पत्रकं. डिसेंबरची तारीख मिळाली.

मधल्या महिन्यात मी पाठ नव्याने काढली. रंग अगदी सारखा येण्याची खात्री देता येत नसेल तर फरक दिसणार नाही अशी पाठ हवी. तेव्हा विल्किन्सनचे पट्टे आठवले. चौकट काढून टाकली. निळ्याच्या सहा छटा, काळा, करडा, वेडेवाकडे तिरके पट्टे, काठापर्यंत भिडलेले. आता एखाद्या शीटचा रंग झुकला किंवा पंचिंग मिलिमीटरभर सरकलं तरी डोळ्याला कळत नाही. १२ डिसेंबरला मी स्वतः प्रेसवर सकाळी दहापासून उभी राहिले, चारही शीट एकाच बंडलातल्या कागदावर, सलग. तिथल्या मुलाने मला तीन वेळा चहा पाजला, बहुतेक मी जावं म्हणून.

घरी मुलाला वीस पालथी कार्डं दिली आणि यानं शोधायला सांगितलं. ट्यूबलाइट, टॉर्च, खिडकीतलं ऊन, सगळं करून झालं. वीसमध्ये पाच यानं होती, त्याने पाच उचलली, त्यातलं एकच निघालं. मी त्याला आइस्क्रीम दिलं.

एकूण खर्च ५६,७६०, म्हणजे सेटला साधारण ५६८ रुपये, शिवाय वकील, अर्ज आणि चित्रं वेगळी. किंमत ७०० ठेवली आहे. पहिल्या घोळाची कार्डं मी टाकली नाहीत. सोसायटीतली मुलं त्यांचे बंगले बांधतात. फेब्रुवारी संपेपर्यंत ६१ सेट गेले, बहुतेक ओळखीत आणि ओळखीच्या ओळखीत. ३९ पलंगाखाली आहेत.

गेल्या रविवारी कोल्हापूरहून एका ताईंचा फोन आला. त्यांच्या घरी वाद चालू होता: "पांघरूण" टाकून निघून गेलेला जासूद पुढे "बहुरूपी" वापरून स्वतःच्याच मागे ठेवलेल्या ठिपक्याचं नाव सांगू शकतो का? एकतीस खेळांत हे कधी झालंच नव्हतं. सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "सांगू दे की. पण मग दोन ठिकाणी एकच नाव दिसेल, गस्तवाला काय आंधळा आहे?" तो नियम चिठ्ठीवर छापून उरलेल्या खोक्यांत घातला आहे. ज्यांनी आधी घेतला त्यांनी पान ५ वर, "बहुरूपी"च्या खाली, पेनने लिहून घ्या: स्वतःचं जुनं नाव चालेल, मात्र त्याच डावात दोन्ही ठिपक्यांवर एकेक लाल टिकली.